महाराजांच्या पश्चात: शोक आणि स्मरण कसे पाळावे

वर्षानुवर्षे कीर्तन-प्रवचनांतून गावाला वळण लावणारे महाराज देह ठेवतात, तेव्हा पहिल्या काही तासांत घेतलेले निर्णय पुढे बदलता येत नाहीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात भक्तमंडळी मराठीही असतात आणि कन्नडही, माळकरीही असतात आणि मठाला मानणारे लिंगायतही. त्यामुळे दहन की समाधी, कोणाच्या हातून आणि कोठे, यावरून दारातच वाद होण्याचा संभव असतो. म्हणून सर्वांत आधी महाराजांनी स्वतः काही लिहून किंवा सांगून ठेवले आहे का, हे घरच्यांना आणि निकटच्या शिष्यांना विचारावे.

विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामीजी २ जानेवारी २०२३ रोजी गेले. देहाला अग्नी द्यावा, रक्षा पाण्यात सोडावी आणि कोणतेही स्मारक उभारू नये, असे त्यांनी अगोदरच लिहून ठेवले होते. मठपरंपरेत समाधीची रीत रुजलेली असताना आणि लोटलेल्या जनसागराला आपल्या स्वामींची समाधी हवीशी वाटणे स्वाभाविक असताना त्यांच्या देहाला अग्नीच दिला गेला. खिसा नसलेला सदरा घालणाऱ्या आणि पद्मश्री नम्रपणे नाकारणाऱ्या पुरुषाचा याहून योग्य सन्मान दुसरा कोणता झाला असता, असे मला वाटत नाही. इच्छा लेखी नसेल, तर ज्या परंपरेत महाराज वाढले तिची रीत पाळावी. समाधी द्यायची असल्यास जागेची मालकी आणि पंचायतीची परवानगी यांची खातरजमा खड्डा खणण्यापूर्वीच करून घ्यावी.

दुखवट्याच्या दिवसांत रोज सायंकाळी हरिपाठ ठेवावा. शोकसभा तेराव्यापर्यंत थांबवण्याची गरज नाही, परंतु तिची बैठक विचारपूर्वक मांडावी. पुढाऱ्यांची भाषणे आटोपशीर ठेवून, महाराजांच्या पायाशी बसून ऐकलेल्या बायकांना, गड्यांना आणि टाळकऱ्यांना आधी बोलू द्यावे. कोणी कन्नडमध्ये बोलले तर तसेच बोलू द्यावे, कारण महाराजांनी माणसांना भाषा पाहून जवळ केलेले नसते. फलकावर महाराजांपेक्षा इच्छुकांचे फोटो मोठे दिसू लागले की श्रद्धांजली कोणाला वाहिली जात आहे, हेच कळेनासे होते.

आठवणी जमवण्याचे काम मात्र लगेच सुरू करावे, कारण म्हातारी माणसे त्याच वर्षी निघून जातात. ‘महाराज फार थोर होते’ असे वाक्य पन्नास जणांकडून मिळाले, तरी त्यातून चरित्र उभे राहत नाही. त्याऐवजी नेमके प्रश्न विचारावेत: तुमच्या घरी मुक्कामाला आले तेव्हा ताटात काय घेतले आणि काय नाकारले, बिदागीचे पाकीट परत केले तेव्हा कोणते शब्द वापरले, कोणावर रागावले आणि नंतर त्याची समजूत कशी घातली. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि अंदाजे साल वहीत लिहावे, बोलणे त्याच्या अनुमतीने मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि जुन्या कॅसेटी असल्यास बुरशी चढण्यापूर्वी त्या उतरवून घ्याव्यात. महाराजांची रोजच्या वाचनातली पोथी, पानांच्या कडेला त्यांनी केलेल्या पेन्सिलीच्या खुणांसह, कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावी. त्या खुणांवरून ते कोणत्या ओवीपाशी पुन्हा पुन्हा थांबत असत ते कळते, आणि माझ्या मते ते संगमरवरी पुतळ्यापेक्षा मोलाचे असते.

दीर्घकाळ टिकते ती रोज पाळलेली उपासना. पंत महाराज बाळेकुंद्रीकर १९०५ साली गेले, परंतु त्यांची पदे बाळेकुंद्रीच्या उत्सवात आजही गायली जातात; निंबाळचे गुरुदेव रानडे १९५७ साली गेले, तरी त्यांच्या परंपरेतील साधक नेमाला, म्हणजे रोजच्या नामस्मरणाला, बसतात. आपल्या महाराजांनी आयुष्यभर जी एक गोष्ट केली, ती निवडावी, मग ती एकादशीचे कीर्तन असो, मुलांना पखवाज शिकवणे असो की व्यसन सोडवणे असो. आणि ती कोण, कोणत्या वारी चालवणार, हे नावानिशी ठरवावे. दहा संकल्प करून एकही न चालवणे येथे फार घडते.

पुण्यतिथी तिथीने करावी की तारखेने, हे पहिल्याच वर्षी ठरवून टाकावे. तिथी खानापूरकडे भाताच्या रोपलावणीत किंवा आषाढी वारीच्या दिवसांत येत असेल, तर त्या दिवशी केवळ अभिषेक आणि भजन करून सप्ताह सोयीच्या महिन्यात घेण्यास हरकत नाही. सप्ताहात वीणा अखंड उभी राहायची असल्याने पहाऱ्याची यादी आधी तयार असावी, आणि पहाटेच्या पहाऱ्याला शक्यतो एकाच गल्लीतील माणसे असावीत, म्हणजे एकमेकांना उठवता येते. वर्गणीची पावती द्यावी आणि जमाखर्च देवळाच्या फळ्यावर लावावा. पुढील वर्षीचे विणेकरी आणि अन्नदाते यांची नावे काल्याच्या कीर्तनानंतर, पंगत उठण्यापूर्वीच लिहून घ्यावीत. माणसे पांगल्यावर त्याच कामासाठी घरोघर फिरावे लागते.