चहा आणि सिगारेटची फारकत: सिगारेट सोडायची कशी

चहा समोर आला की हात आपोआप खिशाकडे जातो. झुरक्यातलं निकोटिन १०-२० सेकंदांत मेंदूत पोचतं. इतक्या झटपट बरं वाटलं की मेंदू आजूबाजूचं सगळं त्याच्याशी जोडून टाकतो: टपरीचं बाकडं, आल्याचा वास, 'चल की, एक मारून येऊ' म्हणणारा दोस्त. म्हणून सुरुवात पाकीट फेकण्यापासून नको, वहीपासून करा.

तीन दिवस नेहमीसारखी ओढा, पण प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी वेळ, जागा आणि सोबत कोण ते लिहा. नंतर लिहू म्हटलं की राहतंच. चौथ्या दिवशी ठरलेल्या वेळा दिसतील: शिरोली एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावरची, मिसळीनंतरची, रंकाळ्यावर बसल्यावरची. अशा प्रत्येक वेळेसाठी नेमकं वाक्य लिहा. 'मन दुसरीकडे वळवीन' याला काही अर्थ नाही. 'मिसळ संपली की लगेच उठायचं, चूळ भरायची, बडीशेप तोंडात टाकायची' हे चालतं. टपरीवरचा चहा पहिले तीन आठवडे बंद. घरी प्या, तोही निम्मा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करतं. ओढणं थांबलं की तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. मग धडधड होते, झोप उडते आणि बिल सिगारेट सोडल्यावर फाटतं.

सिगारेट सोडायला पुढच्या दोन आठवड्यांतली तारीख धरा. त्या आठवड्यात दोस्ताचं लग्न किंवा जोतिबाची यात्रा नको. आदल्या रात्री लायटर, काडेपेटी, गाडीच्या डिकीतलं राखीव पाकीट, सगळं घराबाहेर.

दुसरा-तिसरा दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, भूक, लक्ष न लागणं हे साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. घड्याळ बघा, पाणी प्या, जागा बदला.

निकोटिनचा च्युइंगम घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून घ्या. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. बहुतेक जण तो साध्या च्युइंगमसारखा चघळतात, मळमळतं, उचकी लागते आणि 'मला सोसत नाही' म्हणून टाकून देतात. हळू चावा, झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, झणझण गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. आधीची १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, सरबत नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही.

सिगारेटच्या बदल्यात मावा धरणारेही आपल्याकडे कमी नाहीत. तंबाखू तीच, फक्त धूर गेला. ते सोडणं नव्हे.

एखादी ओढली गेलीच तर? 'आता गेलंच सगळं' या विचारानेच पुढचं पाकीट येतं, त्या एका सिगारेटने नाही. उरलेल्या लगेच फेका, वहीत जागा आणि वेळ लिहा, त्या जागेसाठी नवं वाक्य करा. तारीख बदलू नका.

बोलायला माणूस हवा असेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. तो पाकिटावर छापलेला असतो, पण एकेक सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसतंच कुठं? महाराष्ट्रात २०२० पासून सुट्या सिगारेटींच्या विक्रीला बंदी आहे, तरी नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा.