रुग्णाला हलवण्याआधी ऑक्सिजनचा हिशेब

ऑक्सिजन सिलिंडरच्या गेजचा (दाबमापकाचा) काटा अर्ध्यावर आहे म्हणजे भरपूर गॅस आहे, या समजुतीवर रुग्णाला हलवू नका. आधी साधा हिशेब करा. सिलिंडरच्या खांद्यावर त्याची पाण्याची क्षमता, म्हणजे आत किती पाणी मावेल ते, लिटरमध्ये कोरलेली असते. तिला गेजवरच्या बारने (दाबाच्या आकड्याने) गुणलं की अंदाजे शिल्लक ऑक्सिजन मिळतो. समजा क्षमता 5 लिटर, दाब 120 बार. 20 बार राखीव सोडा, उरलेल्या 100 बारचे 500 लिटर. मिनिटाला 5 लिटर प्रवाह असेल तर 100 मिनिटं. तोच 15 लिटर केला तर जेमतेम अर्धा तास! लिफ्ट नेमकी तेव्हाच अडकते, म्हणून प्रवासाच्या दुप्पट वेळ पुरेल एवढा साठा मी किमान मानतो.

नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या गॅसला मात्र हे गणित लागू नाही. तो आत द्रवरूपात असतो, त्यामुळे द्रव संपेपर्यंत काटा फारसा हलत नाही. शिल्लक कळते ती वजनावरून.

व्हॉल्व्ह सावकाश उघडा, त्याला तेल-ग्रीस किंवा क्रीम लावलेला हात लागू देऊ नका. सिलिंडर रुग्णाशेजारी गादीवर नको, स्टँडमध्ये पट्ट्याने बांधलेलाच हवा.