फट भरली म्हणजे पेशी चालल्या, असं नाही

प्रोजेक्टची मुलं आली की पहिला प्रश्न ठरलेला : "मॅडम, ओरखडा ओढायचा, फोटो काढायचे, झालं ना?" नाही झालं. हा स्क्रॅच असे, म्हणजे पेशींच्या थरावर ओरखडा ओढून फट पाडायची आणि पेशी सरकत येऊन ती किती भरतात ते बघायचं. नेरूळच्या आमच्या लॅबमध्ये मी हा प्रयोग कसा करून घेते ते लिहिते.

आधी काय शोधतोय ते. हाड झिजलं किंवा मोडलं की हाड बांधणाऱ्या पेशींना, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट आणि त्यांच्या पूर्वज पेशींना, तिथवर सरकत जावं लागतं. ऑस्टिओक्लास्टनी, म्हणजे हाड खाणाऱ्या पेशींनी, जुनं हाड विरघळवलं की त्यात अडकलेलं टीजीएफ-बीटा हे संदेश देणारं प्रथिन मोकळं होतं, जखमेतल्या प्लेटलेटमधून पीडीजीएफ हे तसंच दुसरं प्रथिन येतं. हे त्यांचं बोलावणं. ते पेशीच्या आत पोचवतात एन्झाइमं. पीआय३-कायनेज (कायनेज म्हणजे फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) पेशीच्या पुढच्या कडेला तिच्या पडद्यातल्या लिपिडवर फॉस्फेट चढवतं, त्यातून रॅक नावाचं प्रथिन जागं होतं आणि अ‍ॅक्टिनचं जाळं कडा पुढे रेटतं. पेशी जिथे तळाला चिकटते, तिथली पकड धरणं-सोडणं फॅक या कायनेजकडे. मागचं टोक ओढून घ्यायला रॉक हे आणखी एक कायनेज लागतं, ते मायोसिन या प्रथिनाला आकसायला लावतं.

पेशी घ्या एमसी३टी३-ई१, नवजात उंदराच्या कवटीतून आलेल्या. अल्फा-एमईएमची, म्हणजे पेशी वाढवायच्या माध्यमाची, बाटली उघडण्याआधी लेबल वाचा : अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड नसलेलं हवं. ते असलं की पेशी कोलॅजन टाकत परिपक्व व्हायला लागतात, आणि मग तुम्ही मोजताय ते काहीतरी वेगळंच असतं.

२४ खळग्यांच्या प्लेटमध्ये थर पूर्ण भरू द्या. मग पेशींचं दुभागणं थांबवणारं मायटोमायसिन-सी, मिलीलिटरला १० मायक्रोग्रॅम, २ तास. जहाल आहे, हातमोजे घाला, सांडपाणी वेगळं काढा. ही पायरी मुलं हमखास गाळतात. सकाळी ठाण्याला लोकलच्या दारात माणूस चालत नाही, मागून माणसं वाढतात म्हणून आत जातो; पेशी दुभागत राहिल्या तर फटही तशीच भरते.

ओरखडा २०० मायक्रोलिटरच्या टिपने, टिप उभी धरून, एका दमात. दोनदा फिरवलीत तर कड फाटते आणि थर गुंडाळून वर येतो. पीबीएस (धुण्यासाठीचं क्षारांचं द्रावण) खळग्याच्या भिंतीवरून सोडा, दोनदा धुवा, मग १ टक्का सीरमचं माध्यम. प्लेटच्या खाली मार्करने आडवी रेघ मारा, म्हणजे दर वेळी तीच जागा सापडेल. फोटो ०, ८ आणि २४ तासांना. सकाळी दहाला सुरू केलं की संध्याकाळी सहाला दुसरा फोटो काढून ठाण्याची गाडी मिळते.

पावसाळ्यात एसीच्या खोलीत प्लेट आणली की झाकणाला आतून वाफ धरते आणि फोटो दुधाळ येतो. अर्धा तास आधी एसी बंद करा. याच दिवसांत बुरशीही येते. इन्क्युबेटरच्या ट्रेमधल्या पाण्यात थोडं कॉपर सल्फेट टाका.

आता एन्झाइमांची पाळी. पीआय३-कायनेज अडवायला एलवाय२९४००२, १० ते २० मायक्रोमोलर, ओरखड्याच्या तासभर आधी. ते डीएमएसओत विरघळवलेलं असतं, म्हणून कंट्रोलच्या, म्हणजे औषध न घातलेल्या, खळग्यातही तेवढंच डीएमएसओ टाका, ०.१ टक्क्याच्या वर नको. फट भरली नाही की मुलं लगेच खूश. थांबा! हे औषध एमटॉर या दुसऱ्या कायनेजलाही अडवतं. त्यामुळे त्याच पेशींचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं ओळखायची चाचणी) करून, पीआय३-कायनेजच्या पुढे काम करणाऱ्या एकेटी या प्रथिनावरचं ४७३ क्रमांकाच्या सेरीनचं फॉस्फेट उतरलं का बघा, आणि वेगळ्या रचनेचं दुसरं औषध वापरून निकाल तोच येतो का तेही. एमटीटी करून पेशी जिवंत आहेत ना, हेही तपासा. मेलेली पेशी कुठेच जात नाही.

रॉक अडवायला वाय-२७६३२, १० मायक्रोमोलर. हे माझं आवडतं. पेशींच्या शेपट्या लांबच लांब मागे राहतात, तरी कधीकधी फट उलट लवकर भरते. एकट्या क्षेत्रफळाचा आकडा हे सांगत नाही, म्हणून फोटो डोळ्यांनी बघायचेच.

पेशी बोलावण्याच्या दिशेनेच जातात का, हा प्रश्न मात्र ओरखड्याने सुटत नाही. त्याला बॉयडन यांनी १९६२ साली मांडलेल्या पद्धतीचा दोन कप्प्यांचा प्रयोग लागतो : मध्ये ८ मायक्रॉन छिद्रांचा पडदा, त्याला कोलॅजनचा लेप, वर पेशी, खाली पीडीजीएफ-बीबी, मिलीलिटरला १० नॅनोग्रॅम. सोबत एक खळगा असा ठेवा की पीडीजीएफ वर आणि खाली सारखंच. तिथेही पेशी तितक्याच उतरल्या तर त्या बोलावण्याकडे निघालेल्या नाहीत, नुसत्या सैरभैर झाल्यात. मोजण्याआधी पडद्याची वरची बाजू कापसाच्या काडीने पुसून घ्या.

ओरखड्याच्या फोटोंची मोजणी इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये. फटीची रुंदी नको, क्षेत्रफळ घ्या. कडा वेड्यावाकड्या असतात. आणि एकाच प्लेटमधले तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने लावलेल्या पेशींवर तीनदा केलंत, तरच वहीत एन, म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या, बरोबर ३ लिहा.