अकाउंट्स की एक्स-रे? एआयचा धोका तोलताना या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की टॅली-जीएसटी शिकावे की एक्स-रे तंत्रज्ञ व्हावे, याची चर्चा सांगली-मिरजेतल्या अनेक घरांत होते आणि अलीकडे तिच्यात एआयच्या धास्तीची भर पडली आहे. धास्ती रास्त आहे, परंतु तुलना करण्याची रीत बहुधा चुकते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे व्यवसायाच्या नावापुढची टक्केवारी पाहून निर्णय घेणे. ऑक्सफर्डचे संशोधक फ्रे आणि ऑसबोर्न यांनी २०१३ मध्ये ७०२ व्यवसाय तपासून अमेरिकेतील ४७ टक्के रोजगार संगणकीकरणामुळे मोठ्या जोखमीत असल्याचे मांडले. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या २०१६ च्या अभ्यासाने मात्र व्यवसायातली प्रत्यक्ष कामे विचारात घेतली, तेव्हा अशा जोखमीतल्या रोजगाराची २१ देशांची सरासरी ९ टक्के निघाली. म्हणून दिवसभरातली कामे एकेक करून कागदावर उतरवावीत. हळदीच्या अडत दुकानाचे हिशेब पाहणाऱ्याची खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी, म्हणजे विक्रेत्यांनी नोंदवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरील विवरणाशी, जुळवण्याचे काम सॉफ्टवेअर सहज उचलते; पण शेतकऱ्याला दिलेल्या विक्रीच्या हिशेबपट्टीवर हमाली-तोलाईच्या आकड्यात खाडाखोड दिसली, तर दुकानात फोन लावून ती कोणी आणि का केली हे माणसालाच विचारावे लागते. तिकडे खुब्याचे हाड मोडलेल्या आजींना धीर देत, कण्हणे ऐकत, बेताने टेबलावर घेऊन पाय योग्य कोनात ठेवणे हेही माणसाचेच काम आहे.

दुसरी चूक म्हणजे एक्स-रे काढणारा तंत्रज्ञ आणि तो वाचून निदान करणारा डॉक्टर, म्हणजे रेडिओलॉजिस्ट, यांची गल्लत. नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे, असे एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते, ते प्रतिमा वाचण्याच्या कामाबद्दल. आणि त्या डॉक्टरांची गरजही अद्याप संपलेली नाही.

तिसरी चूक मला अधिक काळजीची वाटते. मुरलेल्या कर सल्लागाराचा जम पाहून आपण निश्चिंत होतो, पण तो ज्या पायरीवरून वर चढला, ती बिले चढवण्याची पायरीच आता झिजते आहे. त्यामुळे अकाउंट्स बुडाले असे नव्हे. मात्र नवख्याला कर खात्याच्या नोटिशीचे उत्तर आणि व्यापाऱ्याशी बोलणे लवकर शिकावे लागेल. फी भरण्यापूर्वी, जीएसटीआर-३बी हे मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख जवळ आलेली असताना, एखाद्या कर सल्लागाराच्या कार्यालयात दोन दिवस बसावे, तसेच मिरजेतल्या एखाद्या एक्स-रे विभागात परवानगीने दोन दिवस काढावेत आणि दोन्हीकडे विचारावे: नव्या मुलाला पहिल्या वर्षी तुम्ही कोणते काम देता?