प्लायची जमीन सडते ती कडेकडून

माझ्या एका खोलीच्या केबिनमधली पहिली जमीन दोन वर्षांत गेली. वरून पाहिली तर छान होती, पॉलिशचे तीन हात मी स्वतः दिले होते. पण दारापाशी दोन शीट जुळत होत्या तिथला सांधा वर आला होता. अंगठ्याने दाबलं तर मऊ लागलं. चाकूचं टोक घातलं तसे आतले थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटे झाले. वरचं पॉलिश मात्र शाबूत होतं.

कारण सोपं होतं. कडा कोऱ्या सोडल्या होत्या. लाकूड सपाट बाजूने पाणी हळू पितं, पण कापलेल्या कडेला त्याच्या बारीक नळ्या उघड्या पडतात आणि त्या पाणी भराभर आत ओढतात. म्हणून कमी पैशात जमीन करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: पैसा आणि वेळ आधी कडांवर घाला, चकाकीवर नंतर.

शीट निवडताना पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुगा दाबून केलेला) आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला) स्वस्त दिसले तरी बाजूला ठेवा. एकदा पाणी प्याले की ते फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चपट्या ढलप्या दाबून केलेली शीट, मजबूत असतो, पण पृष्ठभाग खरबरीत आणि कडा लवकर फुगणाऱ्या. जमीन रंगवायचीच असेल तर तो चालेल. मी प्लाय घेते, आणि घेताना लाकडाच्या जातीपेक्षा थर चिकटवणारा डिंक पाहते. युरिया डिंकाचा प्लाय कोरड्या खोलीतल्या कपाटाला ठीक. थंडी, दव, ओले पाय सोसायचे असतील तर फिनॉल डिंकाचा हवा. त्याच्या थरांमध्ये बहुधा गडद तपकिरी रेघ दिसते. युरियाची रेघ फिकी असते, पण मेलामाइन या तिसऱ्या डिंकाचीही फिकीच असते, तेव्हा नुसत्या रंगावर भरवसा नको. शीटवरचा शिक्का वाचा आणि शक्य असेल तर एक तुकडा मागून आणा. मी तो तुकडा चार तास पाण्यात उकळते आणि गार झाल्यावर थरांमध्ये छिन्नीचं टोक घालून बघते. थर सुटले तर ती शीट माझ्या कामाची नाही.

दुकानात शीट उभी करून कडेवरून एक डोळा मिटून बघा, पीळ लगेच कळतो. कडेला थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर ती सोडा, कारण आत आणखी असणार आणि खुर्चीचा पाय नेमका तिथेच रुतणार.

बरेच जण शीट उभी चिरून आठ-आठ इंचांच्या फळ्या करतात. दिसायला सुंदर, मला मोह होतोच. पण हिशेब करा. 8 बाय 4 फुटांच्या अखंड शीटला चारी बाजू मिळून 24 फूट कड असते. तिच्या सहा फळ्या केल्या की तीच कड 104 फुटांच्या आसपास जाते. पाणी शिरायला चौपटीहून जास्त वाट, आणि तेवढीच सील करायची मेहनत. केबिनमध्ये मी शीट अखंडच ठेवते.

जाडी 18 मिलिमीटर, खालचे वासे मध्यापासून मध्यापर्यंत 16 इंचांवर. वरच्या थरातल्या रेषा वाशांना आडव्या जातील अशी शीट टाका. उलट टाकली तर तीच शीट पायाखाली लवते. वाशांवर पाणसळ ठेवून बघा, उंच असेल तिथे रंधा मारा.

मातीवर उभी केबिन असेल तर वाशांखालच्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरा, सांध्याला फूटभर एकावर एक घ्या आणि हवा आरपार खेळेल अशी भोकं दोन समोरासमोरच्या बाजूंना ठेवा. खालून येणारी ओल वरच्या पॉलिशने थांबत नाही.

शीट आणल्या की दोन-तीन दिवस केबिनमध्येच, मध्ये पट्ट्या घालून, आडव्या रचून ठेवा. आता खरं काम. शीट मापाने कापून घ्या आणि मगच सील करा, आधी नाही. कडांना 120 नंबरचा घासायचा कागद फिरवा, बारीक भोकं लांबीने (पुट्टीने) भरा, मग पॉलिश ब्रशने अक्षरशः पाजा. पहिला हात क्षणात आत जिरतो आणि कड पुन्हा कोरडी दिसते. दुसराही बराचसा जिरतो. तिसऱ्या हातानंतर कडेला चमक उरली की समजा पोट भरलं. खालच्या बाजूलाही एक हात द्या, म्हणजे शीट एकाच अंगाने ओल घेऊन वाकत नाही. फक्त वासे येतील तेवढ्या पट्ट्या कोऱ्या ठेवा, तिथे गोंद धरायला हवा.

बसवताना वाशांवर गोंदाची वळी, शीट-शीटमध्ये 3 मिलिमीटर फट, भिंतीकडे 10 ते 12. लाकूड फुगतं, त्याला जागा लागते. सांधे एका ओळीत येऊ देऊ नका, विटांसारखे सरकवा. 50 मिलिमीटरचे स्क्रू कडेला सहा इंचांवर, मध्ये बारा इंचांवर, डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली.

घासताना संयम ठेवा. प्लायचा वरचा थर बहुधा मिलिमीटरभरही नसतो. मी एकदा भाड्याचं मोठं ड्रम मशीन आणलं, एका जागी श्वासभर थांबले आणि खालचा आडवा थर तळहाताएवढा उघडा पडला. तो डाग आजही दिसतो. लहान ऑर्बिटल सँडर घ्या, 120 आणि मग 150, तेही हलक्या हाताने. भुसा आधी व्हॅक्यूमने, मग किंचित ओल्या फडक्याने काढा.

पॉलिशला मी जमिनीसाठीचं पाण्याचं पॉलियुरेथेन वापरते. वास कमी, पिवळं पडत नाही, एका दिवसात दोन हात होतात. तेलाचं पॉलियुरेथेन ऊबदार मधाळ रंग देतं, पण प्रत्येक हाताला रात्रभर थांबावं लागतं. कोणतंही घ्या, तीन हात हवेतच आणि मधल्या प्रत्येक हाताला 220 चा कागद. रंग द्यायचा असेल तर उरलेल्या तुकड्यावर आधी करून पाहा; मऊ लाकडाचा प्लाय रंग ठिपक्या-ठिपक्यांनी पितो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. जवसाच्या तेलाची किंवा तेलाच्या पॉलिशची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर एक-एक पसरून वाळवा. लाकडी केबिनमध्ये ही चूक महागात पडते.

शेवटच्या हातानंतर एका दिवसाने मोज्यांनी चाला, सामान आठवड्याने ठेवा, सतरंजी तीन-चार आठवड्यांनी.

मग दर वर्षी एकदा दारापाशी जमिनीवर पाण्याचा थेंब टाकून पाहा. मण्यासारखा उभा राहिला तर काही करू नका. पसरला आणि खालचं लाकूड गडद झालं, तर तेवढ्या भागाला आणि जवळच्या सांध्याला 220 चा कागद मारून एक नवा हात द्या.