घरी टाइल बसवताय? आधी फटीचं बोला

आमचा सिडकोतला फ्लॅट, पश्चिमेची बाल्कनी, मे महिन्यातली दुपार. जेवून जरा आडवा झालो तर हॉलमधून फाडकन आवाज, वाटलं कुकर उडाला, जाऊन बघतो तर टीव्हीसमोरच्या दोन टाइल्स एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या. चूक आमचीच होती. आम्हीच मिस्त्रीला बजावलं होतं की दादा, फट अजिबात दिसायला नको, एकदम चिकटवून लावा. त्याने लावल्या, थेट भिंतीपर्यंत टाइट. टाइल उन्हाने, ओलीने किंचित फुगते, खालचा स्लॅब त्याच्या हिशोबाने हलतो, सरकायला जागाच नाही म्हटल्यावर ती वरच उठणार ना.

म्हणून दुसऱ्यांदा करताना पहिली गोष्ट ठरवली ती फटीची. दोन टाइल्समध्ये 2-3 मिमीचे स्पेसर, म्हणजे फट सारखी ठेवणारे प्लास्टिकचे तुकडे, आणि भिंतीकडेला चारी बाजूंनी 6-8 मिमी जागा मोकळी, तिथे सिमेंट भरायचंच नाही. वरून स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, येते, कोणाला काही दिसत नाही.

आता खरेदी. माल बहुतेक गुजरातेतल्या मोरबीचाच असतो, दुकान कुठलंही असो. बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर सगळ्या बॉक्सवर सेम आहे का ते टेम्पोतून उतरवतानाच बघा, लावल्यावर भांडून उपयोग नाही. अजून एक गंमत, 2 बाय 2 म्हणतात ती टाइल असते 600 मिमीची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमीच, त्यामुळे चार टाइल्सचा बॉक्स 16 नाही तर साधारण 15.5 स्क्वेअर फूट भरतो. 10 बाय 12 ची खोली म्हणजे 120, कटिंग-तुटफुटीचे 10 टक्के धरून 132, म्हणजे 9 बॉक्स घ्या. उरलेल्या टाइल्स माळ्यावर ठेवा, का ते पुढे सांगतो.

खालचा कोबा सपाट हवा. लांब अॅल्युमिनियमची पट्टी आडवी-उभी फिरवा, खाली 3 मिमीपेक्षा जास्त खड्डा दिसला तर आधी तो भरून घ्या, अॅडहेसिव्हने (टाइल चिकटवायच्या तयार मालाने) भरू असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. झाडून-पुसून धूळ काढा, धुळीवर काहीच धरत नाही. बाथरूमचा उतार नहाणी ट्रॅपकडे साधारण 100 ला 1 असा, आणि टाइल लावायच्या आधीच बादलीभर पाणी ओतून बघा, डबकं कुठे साचतं ते कळतं.

मग कोरडी मांडणी. दारातून आत येताना पहिली टाइल अख्खी दिसली पाहिजे, कापलेले तुकडे सोफ्याच्या मागे. लाइनदोरी आणि गुण्या धरून एक कोपरा काटकोनात पकडला की पुढचं सोपं जातं.

साधी सिरॅमिक टाइल सिमेंट-रेतीच्या मालावर लावणार असाल तर आधी पाण्यात भिजवा, नाहीतर ती मालातलं पाणीच शोषून घेते. अॅडहेसिव्हवर लावायची तर भिजवायची नाही. आणि व्हिट्रिफाइड, म्हणजे जास्त घट्ट भाजलेली टाइल, पाणी जवळजवळ पितच नाही, 0.5 टक्क्याच्या आत, तिला नुसत्या सिमेंटच्या भरवशावर सोडू नका, अॅडहेसिव्हच घ्या. पिशवीवर लिहिलंय तेवढंच पाणी, कालवून पाच-दहा मिनिटं थांबायचं, परत ढवळायचं. दातेरी थापीने एकाच दिशेने ओढायचं आणि एकावेळी थोडंच पसरवायचं, मे महिन्यात तर बघता बघता वर साय धरते, मग टाइल चिकटल्यासारखी वाटते पण चिकटत नाही.

मिस्त्रीला राग आला तरी चालेल पण पहिल्या रांगेतली एक टाइल लगेच उचलून बघा. मागे सगळीकडे माल लागलाय का, की चार कोपऱ्यांत चार लाडू आणि मधे कोरं? लाडू पद्धत आमच्याकडे फार चालते, माल वाचतो, काम पटकन होतं, आणि मग वर्षभरात जड कपाट सरकवताना टाइल मधूनच तडकते. वाळल्यावर नाण्याने टकटक करा, पोकळ वाजली की मिस्त्रीला तिथेच धरा.

ग्राउट, म्हणजे फटीत भरायचा मसाला, निदान 24 तासांनी. किचन-बाथरूमला सिमेंटऐवजी इपॉक्सीचं ग्राउट परवडत असेल तर तेच, पण ते हातासरशी पुसावं लागतं, वाळलं की निघता निघत नाही.

रोजचं म्हणाल तर साधं पाणी, चमचाभर लिक्विड सोप, बस. अॅसिड मात्र घरात आणू नका, चकाचक दिसतं खरं पण सिमेंटचं ग्राउट पोखरतं आणि मग फटीतून पाणी खाली जातं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले तर व्हिनेगर पाण्यात मिसळून फडक्याने फक्त टाइलवर फिरवा, ग्राउटवर नको, लगेच धुवा. मिसळीची तर्री सांडली तर तिथल्या तिथे पुसायची, फटीत हळद मुरली की खायच्या सोड्याची पेस्ट आणि जुना टूथब्रश, बसा घासत.

एखादी टाइल फुटली तर आधी चारी बाजूंचं ग्राउट खरवडून काढा, मग छिन्नी मधोमध लावून बाहेरच्या बाजूला फोडत जा, गॉगल घालून. कडेने सुरुवात केलीत तर शेजारचीही जाते. आमची तशीच गेली. तेव्हा माळ्यावरच्या टाइल्स कामी आल्या, कारण तोवर दुकानात तो शेड मिळेनासा झाला होता.