गिनी फाउलची पिल्ले पहिल्या पावसात भिजू देऊ नका

जून लागला की हेच दृश्य दिसते. आदल्या संध्याकाळी आईमागे धावणारी पिल्ले सकाळी बांधावरच्या ओल्या गवतात मरून पडलेली असतात आणि पाळणारे रोगाचे नाव विचारत येतात. बहुतेक वेळा रोग नसतोच, पिल्लू भिजून गारठलेले असते.

गिनी फाउल हा कोंबडीसारखा पाळला जाणारा पक्षी मूळचा सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या कोरड्या, झुडपी माळरानांचा आहे. करड्या-काळ्या पिसांवर पांढरे ठिपके, बोडके निळसर डोके, त्यावर हाडाचा टोप आणि चोचीच्या मुळाशी लोंबणाऱ्या लाल-निळ्या मांसल पाळ्या, असे त्याचे रूप असते. दिवसभर तो थव्याने जमीन उकरत बिया, टोळ व गोचीड टिपतो, धोका दिसल्यास उडण्याआधी पळतो आणि रात्री झाडावर बसतो. मोठा पक्षी पाऊस सहज सोसतो, म्हणून पाळणारे पिलांबाबतही निर्धास्त राहतात. मादी अंडी झुडपात लपवून घालते आणि २६ ते २८ दिवसांनी निघालेली पिल्ले पहाटेच्या दवातून फिरवते. पिलांची लव भिजली की अंगातली ऊब झपाट्याने जाते.

म्हणून अंडी गोळा करून खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) देशी कोंबडीखाली बसवावीत, आणि पिल्ले निघाल्यावर सहा आठवडे, पिसे पुरती भरेपर्यंत, त्यांना कोरड्या जागी बंद ठेवावे. छप्पर गळत नसले तरी वाऱ्याच्या बाजूने झड येते; तेथे पोत्याचा पडदा लावावा आणि ओले झालेले तूस त्याच दिवशी काढून टाकावे.

नेहमीची कामे:
– पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस ऊब, पुढे दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी
– खाली तुसाची गादी. गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात
– उथळ पाणभांडे, त्यात खडे
– सुमारे २४ टक्के प्रथिनांचे खाद्य

दुकानदार ब्रॉयलरचे औषधमिश्रित खाद्य पुढे करतात. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांच्या आतड्यांच्या रोगावरचे औषध असल्यास घेऊ नये, कारण ते गिनी फाउलच्या जिवावर बेतले आहे. पिशवीवरील घटक वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. महागडी ‘ताकदीची’ टॉनिके भिजलेल्या पिलाला वाचवत नाहीत. कोरडे तूस आणि एक दिवा वाचवतो. विष्ठेत रक्त दिसल्यास पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. कॉक्सिडिओसिस (आतड्यांतील परजीवींचा रोग) ठरल्यास कोंबड्यांसाठीची शिफारस पिण्याच्या पाण्यात ०.०१२ टक्के अँप्रोलियम हे औषध, ३ ते ५ दिवस, अशी आहे. २० टक्क्यांच्या भुकटीचे हे प्रमाण लिटरला ०.६ ग्रॅम होते. गिनीच्या पिलांना ते किती द्यावे, हे पशुवैद्यकांनीच ठरवावे.

माझा अनुभव, शास्त्र नव्हे: मोठे पक्षी दिवस मावळण्याच्या बऱ्याच आधी झाडावर चढू लागले, तर बहुधा रात्री पाऊस येतो. त्या संध्याकाळी बाहेर सोडू लागलेली पिल्ले मोजून आत घ्यावीत आणि सकाळी दव पूर्ण वाळेपर्यंत दार उघडू नये.